एकोणतीस पावत्या

थकबाकीदाराच्या दारात महापालिका हलगी वाजवायला माणसं पाठवायची, ते दिवस अजून अनेकांना आठवत असतील. पहिल्या वर्षी लोक भेदरले. हलगीवाल्याला आत बोलावून चहा पाजला, ‘आता बास कर बाबा’ म्हणून हात जोडले आणि संध्याकाळच्या आत घरपट्टी भरून टाकली. दुसऱ्या वर्षी गल्लीतली पोरं हलगीवर नाचायला लागली. तिसऱ्या वर्षी शनिवार पेठेतल्या एका बहाद्दरानं नातवाच्या बारशापर्यंत मुद्दाम थकबाकी ठेवली, म्हणजे वाजवणाऱ्याचे पैसे वाचले. लाज ही चीज अशीच आहे. चारचौघांत रोज काढली की बोथट होते. शिवाय माणसाला सगळ्या जगाची लाज वाटतच नाही हो, एक-दोघांचीच वाटते. ते एक-दोघं कोण एवढं ज्याला कळलं, त्याला हलगीची गरज उरत नाही.

आमच्या महापालिकेला हे कळवलं ‘समाधान वसुली सेवा’ नावाच्या कंपनीनं. आणि त्या समाधानाचा प्रसाद ज्यांना मिळाला, त्यांतला एक भूपाल चौगुले.

भूपालचं मारुती चौकात भडंगाचं दुकान. वय एकसष्ट, अंगानं आडवा, आवाज असा की कढईपाशी बोलला तरी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं मागं वळून बघावं. व्यवहाराला चोख. पूर्वी पोस्टानं कागद यायचे तेव्हा वीजबिल असो की मतदारयादीची चिठ्ठी, हा प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि तारखेनिशी जपून ठेवायचा. आता कागद यायचे बंद झाले होते. आलेली सूचना फोनमधला मदतनीस बायकी आवाजात वाचून दाखवायचा, आणि लसूण करपायच्या बेताला आलेला असताना तो आवाज ऐकत बसायला सवड कुणाला होती?

त्या दिवशीही असंच झालं. भूपाल कढईत चुरमुरे परतत होता, बायको राजमती गल्ल्यावर होती. फोन बोलायला लागला, “आपल्या नावावरील दुचाकी क्रमांक...”

“बास,” भूपाल म्हणाला. फोन गप्प झाला.

पण या वेळी तो परत बोलला. “ही सूचना थांबवता येत नाही. वाहनतळ दंड न भरल्यानं आपल्या घरी जप्तीची कारवाई होणार आहे. दिवस, सोमवार. पंचाची निवड चालू आहे.”

राजमतीनं सुटे पैसे मोजता मोजता मान वर केली. “कुठली गाडी ओ?”

“कुठली म्हणजे? तीच. त्याची.”

‘तो’ कोण हे राजमतीला सांगावं लागत नव्हतं. तो म्हणजे सुकुमार, भूपालचा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी धाकटा. वडील देवगोंडा गेले तेव्हा सुकुमार दहा वर्षांचा होता. त्याला शाळेत नेऊन सोडणं, दुखण्यात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसणं, पुढं त्याचं लग्न करून देणं, सगळं भूपालनं केलं. सुकुमार त्याला अण्णा म्हणायचा आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बसायचा नाही. तोच सुकुमार नऊ वर्षांपूर्वी वाटणी घेऊन वेगळा झाला आणि त्यानं पुढच्याच चौकात स्वतःचं भडंगाचं दुकान थाटलं. थाटलं तर थाटलं, पण पाटीवर वडिलांचं नाव घातलं, जे भूपालच्या पाटीवर तीस वर्षं होतं. भूपालचं डोकं फिरलं. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या अंगणात, पूजेला जमलेल्या सगळ्या समाजासमोर तो गरजला, आजपासून मला भाऊ नाही, आणि जो माझ्यापुढं त्याचं नाव काढील त्याचंही मी तोंड बघणार नाही.

लोकांनी ते इमानानं पाळलं. सुकुमारचं दुकान तीन वर्षांत बसलं, तो कुणाकडं तरी हिशेब लिहायला जायला लागला, हेसुद्धा भूपालला फार उशिरा कळलं. वाटणीत एक जुनी स्कूटर सुकुमारकडं गेली होती, ती मात्र भूपालच्याच नावावर राहिली. नाव बदलायचं तर दोघांनी आरटीओत शेजारीशेजारी उभं राहून सह्या करायला हव्यात. ते कोण करणार?

आणि आता त्या स्कूटरचे दंड भूपालच्या फोनवर येत होते. साडेतीन महिने येत होते. नंबर कानावर पडला की तो ‘बास’ म्हणायचा.

“भरून टाका,” राजमती म्हणाली. “आपल्याला काय जड आहे?”

“जड नाही गं. पण का म्हणून? गाडी तो उडवणार, नको तिथं तो लावणार आणि दंड मी भरू? मला काय मुनीमजी समजतो?”

दंड मूळचा किरकोळच होता. पण सूचनेचा खर्च, स्मरणाचा खर्च, बेलीफाचा भत्ता, पंचाचा भत्ता, निवड शुल्क असं करत करत तो मुद्दलाच्या कैक पट झाला होता. त्यानं भूपाल आणखीच अडून बसला. चूक नसताना एक पैसा दिला तर ती कबुली होते, असं त्याचं म्हणणं.

आता ही पंचाची निवड काय भानगड आहे, ते सांगायला हवं.

सुरुवात चांगल्या कामापासून झाली होती. बोलताना अडखळणाऱ्या मुलांवर उपचार करणाऱ्या एका संशोधिकेला असं दिसलं, की मूल सगळ्यांसमोर सारखं अडखळत नाही. आईसमोर घडाघडा बोलतं, आणि एखाद्या काकासमोर त्याची जीभच उचलत नाही. मुलाला विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून तिनं आवाजालाच विचारायचं ठरवलं. आपण ज्याच्यापुढं दबतो, त्याच्याशी बोलताना गळ्यातले स्वरतंतू किंचित जास्त ताणले जातात. कानाला कळणार नाही इतका आवाजाचा मूळ सूर सरकतो, शब्दापूर्वीचा श्वास थोडा लांबतो. नुसतं त्या माणसाचं नाव घेतलं, ‘तो’ म्हणून उल्लेख केला तरी हे होतं. संगणकानं शेकडो तास बोलणं ऐकलं की अशा खुणा जोडून एक रेषा काढता येते. तिला तिनं संकोचरेषा म्हटलं. ज्या माणसापाशी ती सगळ्यांत उंच जाते, त्याच्याशी मुलाची गाठ घालून द्यायची, भीती मोडायची. कितीतरी मुलं त्यानं बरी झाली.

पुढं ती प्रयोगशाळा विकली गेली. मूल अडखळतं तिथं त्याला सावरावं, यापेक्षा मोठा माणूस अडखळतो तिथं त्याला पकडावं, यात पैसा जास्त होता. जप्तीला दोन पंच लागतात हा नियम पूर्वापार आहे. दोन माणसांच्या देखत घरातल्या वस्तूंची यादी व्हायची, त्यांनी सही करायची. नव्या नियमानं एवढंच केलं, की दोनपैकी एक पंच थकबाकीदाराच्या ओळखीचा असावा आणि तो यंत्रानं निवडावा. फोनमधला मदतनीस दिवसभर ऐकतच असतो. तो घेताना ‘मान्य’वर आपणच अंगठा ठेवलेला असतो. पंचाचं नाव जप्तीच्या चार दिवस आधी कळवायचं. नाव वाचल्यावर दहातली नऊ माणसं त्याच दिवशी पैसे भरायची.

उरलेल्या दहाव्याचं काय व्हायचं, ते कंपनीच्या जाहिरातीत नसायचं. एका बँक अधिकाऱ्याच्या घरी त्याला लहानपणी फुकट शिकवणारे गुरुजी पंच म्हणून आले, तो महिन्याभरात गाव सोडून गेला. गणेश नगरातल्या एका बाईंच्या घरी पंच म्हणून त्यांची सून आली. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विहीर जवळ केली. यंत्राचा त्यात दोष नव्हता, असं चौकशीत ठरलं.

आणखी एक गोष्ट, जी त्या संशोधिकेनं तिच्या पहिल्या निबंधातच लिहून ठेवली होती आणि नंतर कुणी वाचली नाही. ही रेषा नुसत्या लाजेनं चढत नाही. भीतीनं चढते, रागानं चढते, आणि फार माया असली तरी चढते. गळ्यातल्या दोन तंतूंना त्यांतला फरक कळत नाही.

नाव गुरुवारी आलं. तोवर नवराबायकोत पैजा लागल्या होत्या. भूपालला धास्ती होती बेळगावच्या व्याह्यांची. लेकीच्या सासऱ्यानं आपल्या सोफ्याची किंमत लिहून घ्यावी या कल्पनेनंच त्याला घाम फुटायचा. त्यानं गुपचूप सोफ्याचे अभ्रे धुवायला टाकले. राजमती म्हणायची, बस्तीचे अध्यक्ष असतील.

दुकान उघडता उघडता फोन बोलला. “आपले पंच, सुकुमार देवगोंडा चौगुले.”

भूपालनं अर्धं शटर वर केलं होतं, ते तसंच धरून तो उभा राहिला.

“यंत्र खुळं आहे,” शेवटी तो म्हणाला. “मी त्याच्याशी नऊ वर्षांत एक शब्द बोललो नाही. त्याची लाज मला?”

राजमती बोलायची नव्हती, पण तिला राहवलं नाही. “दर पाडव्याला फोन काढून त्याचा नंबर उघडून बसता की. अंगठा वर धरता आणि ठेवून देता. मी बघत नाही असं वाटतं व्हय तुम्हाला?”

“गप बस.”

“मी गप बसते. पण ऐका माझं. पैसे भरा आणि मिटवा. तो आपल्या घरात येऊन भांडी लिहून घेणार, बरं दिसतं का ते? सख्खा भाऊ आहे.”

“येऊ दे,” भूपाल म्हणाला. “दंड त्याचा, जप्ती माझ्या घरात, आणि पंच तो. येऊ दे त्याला. बघतोच कुठल्या तोंडानं येतो ते.”

त्याच्या मनात काय होतं ते मी सांगतो, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही. त्याला सुकुमार यायला हवा होता. त्यानं दारात उभं राहून ‘अण्णा, चुकलो’ म्हणावं, मग आपण दोन शिव्या घालाव्यात, मग राजमतीनं पाट मांडावा. चार दिवस तो हेच घोकत होता. सोमवारी सकाळी राजमतीला म्हणाला, “जरा शिरा करून ठेव. बेलीफाला लागेल.” बेलीफाला शिरा कोण घालतो? राजमतीनं रवा भाजायला घेतला.

दहाला बेलीफ आले. मुजावर नाव, नोकरीची दोनच वर्षं राहिलेली. वीस वर्षं लोकांच्या घरांत नको असलेला पाहुणा म्हणून शिरून शिरून आवाज मऊ पडलेला. बरोबर पालिकेची एक तरुण कारकून मुलगी, दुसरी पंच. मुजावरांनी चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि दाराशेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले.

सव्वादहाला स्कूटरचा आवाज आला. सुकुमार आत आला.

नऊ वर्षांत तो एवढा उतरला असेल असं भूपालला वाटलं नव्हतं. रंग काळवंडलेला, डोळ्यांखाली सूज. एवढ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डाव्या मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं. ‘आला ऐटीत, साहेब होऊन,’ भूपालच्या मनात आलं. सुकुमार भिंतीशी उभा राहिला, बसला नाही.

राजमती तांब्या-भांडं घेऊन आली. “घ्या भावजी. किती ऊन आहे.”

सुकुमारनं भांडं घेतलं. ओठ ओले करण्यापुरता एक घोट घेतला आणि भरलं भांडं तसंच तिच्या हातात परत दिलं. “एवढं बास वहिनी.”

भूपालनं ते पाहिलं. आपल्याकडं वैऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत, आणि हा ज्या घरात वाढला त्या घरचं पाणी असं परत करतो? चार दिवस मनात मांडलेला पाट त्यानं तिथल्या तिथं उचलून ठेवला. आत शिऱ्याचा वास सुटला होता. तो कुणी कुणाला दिला नाही.

मुजावरांनी कागद काढला. “चौगुले साहेब, यादी सुरू करण्याआधी कायद्यानं मला प्रत्येक पावती पंचांसमोर वाचावी लागते. तारीख, वेळ, ठिकाण. एकूण एकोणतीस आहेत. सगळ्या माहीत आहेत असं तुम्ही लिहून दिलंत तर वाचन सोडता येतं. पण माझं ऐकाल तर वाचू द्या. माणसानं आपला कागद ऐकावा.”

“माहीत आहेत,” भूपाल म्हणाला. “सोडा वाचन. उगाच सगळ्यांचा वेळ.”

सुकुमार पहिल्यांदाच त्याच्याकडं बघून बोलला. आवाज खोल गेला होता. “सगळ्या मिळाल्या होत्या, अण्णा?”

ही कबुली मागतोय की खिजवतोय, भूपालला कळेना. नऊ वर्षांनी ‘अण्णा’ ऐकलं आणि तेही पावत्यांच्या चौकशीसाठी. “मिळाल्या की,” तो म्हणाला. “पहिलीपासून. एकूण एक.”

“माहीत होतं तर सगळं?”

“सगळं माहीत होतं. मी काय डोळे मिटून बसलोय?”

सुकुमारनं मान हलवली. मग मुजावरांकडं वळून म्हणाला, “साहेब, घरातलं काही लिहू नका. स्कूटर बाहेर उभी आहे. नावावर यांच्याच आहे. ती जप्त करा, रक्कम निघेल तेवढ्यात. ही किल्ली.”

किल्ली त्यानं टेबलावर ठेवली. मुजावरांनी भूपालकडं पाहिलं. “हरकत?”

सुकुमारही त्याच्याकडं बघत होता. राजमती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. त्या क्षणी भूपालनं ‘राहू दे’ म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पाण्याचं भरलं भांडं त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

“न्या,” तो म्हणाला. “भंगारात घाला. त्याच्याकडचं काही मला नको.”

“बरं,” सुकुमार म्हणाला. त्यानं दोन ठिकाणी सह्या केल्या, वहिनीला वाकून नमस्कार केला आणि चालत निघून गेला. चौकापर्यंत जायला त्याला फार वेळ लागला. राजमती खिडकीतून बघत होती.

“तब्येत बरी दिसली नाही हो त्याची,” ती म्हणाली.

“पाणी प्याला नाही आपल्या घरचं,” भूपाल म्हणाला आणि दुकानाला गेला.

जाताना मुजावर एक पाकीट ठेवून गेले होते. त्यातल्या समापन पत्रावर दहा दिवसांत सही करून पाठवायची होती. भूपालनं पाकीट कपाटावर टाकलं. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी पालिकेकडून आठवण आली तेव्हा राजमतीनं ते खाली काढलं, सही कुठं करायची ते बघावं म्हणून. चष्मा लावून ती वाचायला लागली आणि वाचता वाचता कढईपाशी आली.

“अहो, हे काय आहे?”

“काय?”

“ठिकाण बघा. सगळ्या पावत्यांना एकच ठिकाण आहे. डायलिसिस केंद्र, पूर्व दरवाजा. मंगळवार, सकाळी सहा वीस. शुक्रवार, सहा वीस. परत मंगळवार.” तिचं बोट खाली सरकत होतं. “एकोणतीसच्या एकोणतीस.”

भूपालनं गॅस बंद केला. कागद हातात घेऊन त्यानं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा आठवला. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाच्या हातातली एक शीर डायलिसिसच्या सुयांसाठी कायमची जोडून ठेवतात, ती फुगून दिसते, तीच तो झाकत होता. अशा माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं हे तर त्याला पक्कं ठाऊक होतं, राजमतीचे थोरले मामा त्यातच गेले होते. तो पायांत चपला न घालताच रिक्षात बसला.

सुकुमारच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दवाखान्यात आहेत, काल हलवलं.

सुनंदा, सुकुमारची बायको, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. भूपालला बघून ती उठली नाही, की पदर सावरला नाही.

“सुनंदा,” तो म्हणाला, “मला काही माहीत नव्हतं गं.”

“खोटं कशाला बोलता अण्णा,” ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “घरी येऊन त्यांनी सांगितलं मला. अण्णांना सगळं माहीत होतं, पहिलीपासून, एकूण एक. तुम्हीच म्हणालात ना?”

“म्हणालो. पण...”

“दवाखान्याच्या मागं पार्किंग मोकळं असतं. मी रोज म्हणायची, तिकडं लावा, दंड कशाला? तर म्हणायचे, पावती अण्णाकडं जाते. मरायच्या आधी कळेल तरी त्याला, म्हणायचे आणि हसायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सख्ख्या भावाचं मूत्रपिंड जुळायची शक्यता जास्त, विचारून बघा. हे म्हणाले, मी तोंडानं मागणार नाही. त्यानं माझ्यासाठी पुष्कळ केलंय, आता त्याचं अंग मागू? मी सांगतोय त्याला, आठवड्यातून दोनदा सांगतोय. सरकारी कागद अण्णा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्याला यायचं असलं तर येईल. मी येते तुमच्याकडं म्हटलं, तर मला शपथ घातली.”

भूपाल भिंतीला टेकला.

“त्या सोमवारचं पंचाचं बोलावणं आलं तेव्हा खूश झाले होते,” सुनंदा म्हणाली. “म्हणाले, बघ, यंत्रालापण कळलं, त्याला माझंच वाटतं. परत आले ते झोपून राहिले. मंगळवारी मी रिक्षा बोलावली, उठले नाहीत. शुक्रवारी पाया पडले मी. म्हणाले, ज्याला कळायचं त्याला कळलं, आता कशाला सुया टोचून घ्यायच्या?”

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा भूपालनं त्यांच्यासमोर सदऱ्याची बाही वर केली, जणू मूत्रपिंड हातातच असतं. “माझं काढा. आत्ता काढा. मी सख्खा भाऊ आहे.” बाई तरुण होत्या, त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं. तीन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं, म्हणाल्या. आता विष हृदयापर्यंत गेलंय. शस्त्रक्रिया सोडा, काल लावलेलं डायलिसिससुद्धा शरीरानं सोसलं नाही. पाच मिनिटं आत जाऊन या.

सुकुमार जागा होता. नळ्यांमधून त्याचं तोंड एवढंसं दिसत होतं. भूपाल खाटेशी गुडघ्यावर बसला, म्हणजे सुकुमारला वर बघावं लागू नये.

इथं त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. माहीत होतं आणि आलो नाही म्हणायचं, किंवा खरं सांगायचं. खरं सांगितलं की सगळं धुऊन निघेल, याला कळेल मी असा निष्ठुर नव्हतो, असं त्याला वाटलं.

“सुक्या,” तो म्हणाला आणि रडायला लागला. “मी खोटं बोललो रे. मला काहीच माहीत नव्हतं. पावत्या यायच्या, पण मी ऐकल्याच नाहीत. तुझ्या गाडीचा नंबर कानावर पडला की बास म्हणायचो. पहिला शब्द ऐकून बंद करायचो.”

सुकुमारचे ओठ हलले. भूपालनं कान जवळ नेला.

“एकपण नाही?”

“एकपण नाही. आईची शपथ.”

सुकुमार छताकडं बघत राहिला. यंत्राचा सुई हलल्यासारखा एक आवाज मधूनमधून येत होता. मग तो सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलला.

“मग इतके दिवस मी कुणाला सांगत होतो, अण्णा?”

भूपालनं भावाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. सुकुमारनं तो काढून घेतला नाही, पण बोटं मिटलीही नाहीत. पाच मिनिटं झाल्यावर परिचारिकेनं भूपालला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, राजमती डबा घेऊन पोचायच्या आत, सुकुमार गेला.